लायब्ररी जोडली, पण चालत नाही: कॉन्फिगरेशनच्या एरर मुळापासून शोधण्याची पद्धत

ओपन-सोर्स लायब्ररी प्रकल्पात जोडताना सगळ्यात जास्त वेळ खातात ते अंदाज. एरर दिसली की ती कॉपी करून शोधायची, पहिलं उत्तर चिकटवून बघायचं, नाही जमलं तर दुसरं. थोड्या वेळात असे चार-पाच बदल साठतात आणि त्यातला कुठला कशासाठी केला होता हेही लक्षात राहत नाही. इथे सांगितलेली पद्धत चालू प्रोग्रामकडूनच तीन गोष्टी काढून घेण्याची आहे: त्याने कोणती फाईल उचलली, कोणतं व्हर्जन उचललं आणि कोणती व्हॅल्यू वाचली. कॉन्फिगरेशन फाईलमध्ये आपण काय लिहिलंय ते आपल्याला माहीतच असतं. घोळ असतो तो लिहिलेलं आणि वाचलेलं यांच्यात.

उदाहरणं पायथन, नोड, जावा आणि सी, सी++ यांतली घेतली आहेत. तुमची भाषा वेगळी असली तरी प्रश्न हेच राहतात, कमांड तेवढ्या बदलतात. आणि कशालाही हात लावण्याआधी सध्याची स्थिती लॉक फाईलसकट (इन्स्टॉल झालेल्या लायब्ररींची नेमकी व्हर्जनं नोंदवणारी फाईल) गिटमध्ये कमिट करून ठेवा. परतीची वाट मोकळी असली की डोकं शांत राहतं.

एरर योग्य टोकाकडून वाचा

पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये (एररपर्यंत पोचलेल्या फंक्शन कॉलची यादी) खरी एरर शेवटच्या ओळीत असते. पण एका एररमधून दुसरी निघाली असेल, तर दोन ट्रेसबॅक एकाखाली एक येतात आणि मूळ कारण वरच्यात असतं. जावामध्ये याच्या उलट: 'कॉज्ड बाय' असं लिहिलेल्या जितक्या ओळी असतील त्यातली सगळ्यात खालची आधी वाचायची. सी++चा कंपायलर शेकडो ओळी ओततो, त्यातली सगळ्यात पहिली एरर महत्त्वाची. पुढच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघालेल्या असतात. नोडचं एनपीएम आणि पायथनचं पिप ही पॅकेज इन्स्टॉल करणारी साधनं शेवटी जे छापतात तो बहुतेकदा नुसता निकाल असतो, 'इन्स्टॉल होऊ शकलं नाही' एवढाच. कारण वर कुठेतरी असतं, म्हणून आउटपुट फाईलमध्ये साठवून वरून वाचा.

वॉर्निंगही सोडू नका. 'अमुक सेटिंग ओळखता आली नाही, दुर्लक्ष केलं' अशी एक ओळ लॉगमध्ये असते आणि नंतरचा सगळा त्रास तिच्यामुळेच चाललेला असतो.

एरर कोणत्या टप्प्यावर आली ते ठरवा

हे ठरलं की निम्मं काम झालं, कारण प्रत्येक टप्प्याचा शोध घेण्याची जागा वेगळी आहे. सी आणि सी++मध्ये हे टप्पे अगदी उघड दिसतात, म्हणून तिथूनच समजून घेऊ.

हेडर फाईल (लायब्ररीतल्या फंक्शनच्या घोषणा असलेली फाईल) सापडली नाही अशी एरर आली तर ती कंपाइल करतानाची. डेबियन किंवा उबुंटूवर लायब्ररीचं मूळ पॅकेज असतं, पण हेडर वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. त्याच्या नावाला शेवटी '-डेव्ह' जोडलेलं असतं, फेडोरावर '-डेव्हल'. हे पॅकेज राहून जाणं हे फार नेहमीचं कारण आहे. ते असूनही हेडर सापडत नसेल तर 'पीकेजी-कॉन्फिग' ला लायब्ररीचं नाव देऊन '--सीफ्लॅग्ज --लिब्ज' विचारा. उत्तर आलं नाही, तर लायब्ररीची '.पीसी' फाईल त्याच्या शोधाच्या वाटेवर नाही. ती जिथे आहे तो फोल्डर 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' मध्ये जोडा.

'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या साधनाची एरर. याचा अर्थ हेडर सापडली, फंक्शनची घोषणा दिसली, पण त्याचा प्रत्यक्ष कोड मिळाला नाही. इथे हेडरचे पाथ बदलत बसणं वाया आहे. लायब्ररी लिंक करायची राहिली का ते पाहा. स्टॅटिक लायब्ररी असेल तर कमांडमधला क्रम पाहा: लायब्ररीचं नाव तिचा वापर करणाऱ्या ऑब्जेक्ट फाईलच्या नंतर यायला हवं. सी++मधून सीची लायब्ररी वापरत असाल आणि तिच्या हेडरमध्ये 'एक्सटर्न सी' नसेल, तरी हीच एरर येते, कारण सी++चा कंपायलर फंक्शनचं नाव स्वतःच्या पद्धतीने बदलून शोधत असतो. आणखी एक खूण लक्षात ठेवा. सापडत नसलेल्या नावात 'सीएक्सएक्स११' अशी अक्षरं दिसली, तर लायब्ररी आणि तुमचा कोड स्ट्रिंगच्या दोन वेगळ्या बायनरी रचनांनी कंपाइल झाले आहेत. ही विभागणी जीसीसी ५ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच कंपायलरने, एकाच सेटिंगने पुन्हा बिल्ड करणं.

बिल्ड नीट झालं आणि प्रोग्राम सुरू करतानाच 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल उघडता येत नाही' असं आलं, तर ती लोडरची, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी मेमरीत आणणाऱ्या भागाची तक्रार. 'एलडीडी' ला प्रोग्रामचं नाव द्या. कोणती लायब्ररी कुठून घेतली आणि कोणती 'नॉट फाउंड' आहे हे ते दाखवतं. (खात्री नसलेल्या प्रोग्रामवर 'एलडीडी' चालवू नका, त्यात तो प्रोग्रामच चालू होण्याचा धोका असतो.) एवढ्याने कळलं नाही तर 'एलडी_डीबग=लिब्ज' लावून प्रोग्राम चालवा. लोडर कोणकोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या क्रमाने शोधतोय ते ओळीने छापलं जातं. लायब्ररी '/यूएसआर/लोकल' खाली नुकतीच इन्स्टॉल केली असेल, तर 'एलडीकॉन्फिग' चालवायचं राहिलेलं असू शकतं.

सीमेक या बिल्डच्या साधनाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. त्याला एकदा लायब्ररी सापडली की तो पाथ 'सीमेककॅश.टीएक्सटी' मध्ये साठतो आणि पुढे तोच वापरला जातो. तुम्ही नवं व्हर्जन दुसरीकडे ठेवलं तरी सीमेक जुन्याकडेच बोट दाखवत राहतो. पाथ बदलला की बिल्डचा फोल्डर काढून पुन्हा सुरुवात करा. शोध कुठे कुठे चाललाय ते पाहायचं असेल तर '--डीबग-फाइंड' हा पर्याय ३.१७ पासून आहे.

प्रोग्रामने कोणती प्रत उचलली

पायथनमध्ये 'लायब्ररी इन्स्टॉल आहे, तरी मॉड्यूल सापडत नाही' याची कारणं मोजकी आहेत. पिप एका पायथनचा आणि प्रोग्राम चालवणारा पायथन दुसराच, हे पहिलं. प्रोग्रामच्या सुरुवातीला 'सिस.एक्झिक्युटेबल' प्रिंट करा आणि त्याच पाथच्या पायथनने '-एम पिप इन्स्टॉल' चालवा. नुसतं 'पिप' लिहिण्याची सवय सोडून हीच लावून घ्या, हा प्रकार जवळजवळ संपतो.

दुसरं कारण नावाचं. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. 'पाययॅमल' इन्स्टॉल केलं तरी इम्पोर्ट 'यॅमल' असं करायचं. 'पिलो' साठी 'पीआयएल', 'ओपनसीव्ही-पायथन' साठी 'सीव्ही२', 'सायकिट-लर्न' साठी 'एसकेलर्न'. इम्पोर्टचं नाव जसंच्या तसं पिपला दिलं तर कुणा भलत्याचंच पॅकेज इन्स्टॉल होऊ शकतं. हा सुरक्षेचाही प्रश्न आहे, म्हणून नाव नेहमी लायब्ररीच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधूनच घ्या.

तिसरं कारण शोधायला अवघड, कारण एरर दिशाभूल करते. तुमच्याच फोल्डरमध्ये 'रँडम.पीवाय' किंवा 'लॉगिंग.पीवाय' अशी फाईल असेल, तर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तीच उचलतो. मग एरर येते ती 'या मॉड्यूलमध्ये अमुक फंक्शन नाही' अशी, आणि आपण व्हर्जन तपासत बसतो. मॉड्यूलचं '__फाईल__' प्रिंट केलं की पाथ समोर येतो आणि विषय मिटतो.

नोडमध्ये हेच काम 'रिक्वायर.रिझॉल्व्ह' करतं. जावामध्ये '-व्हर्बोज:क्लास' लावलं की प्रत्येक क्लास कोणत्या जारमधून (क्लास एकत्र बांधलेली जावाची फाईल) आला ते छापलं जातं. आउटपुट भरपूर येतं, तेव्हा हव्या त्या क्लासचं नाव त्यात शोधा.

जावातल्या तीन एरर एकमेकींसारख्या दिसतात, पण त्यांचा रोख वेगळा आहे. 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन' म्हणजे नावाने मागितलेला क्लास क्लासपाथवर (जावा क्लास शोधतो त्या जागांच्या यादीत) नाहीच. बरेचदा तो ड्रायव्हर किंवा प्लगइन असतो, आणि कॉन्फिगरेशनमध्ये नाव चुकलेलं असतं. 'नोक्लासडेफफाउंडएरर' म्हणजे कंपाइल करताना क्लास होता, चालवताना नाही. किंवा क्लास आहे, पण तो सुरू होतानाच एकदा फसला. तसं असेल तर ती पहिली एरर लॉगमध्ये वर शोधा. 'नोसचमेथडएरर' आली की जवळजवळ नेहमीच एकाच लायब्ररीच्या दोन व्हर्जनचा मामला असतो.

दोन व्हर्जन, एकच जागा

तुमच्या प्रकल्पाला 'अ' आणि 'ब' लायब्ररी हव्यात. दोघींना 'क' हवी, पण वेगवेगळ्या व्हर्जनची. यातून मार्ग काढण्याची प्रत्येक साधनाची रीत निराळी आहे आणि ती माहीत नसेल तर वागणूक अनाकलनीय वाटते.

मॅव्हन (ग्रेडलप्रमाणेच जावाचं बिल्ड साधन) डिपेन्डन्सीच्या, म्हणजे लायब्ररींना लागणाऱ्या इतर लायब्ररींच्या झाडात तुमच्या प्रकल्पाच्या सगळ्यात जवळचं व्हर्जन घेतो, मग ते जुनं असलं तरी. ग्रेडल साधारणपणे सगळ्यात वरचं घेतो. म्हणून मॅव्हनवरून ग्रेडलवर गेलेला प्रकल्प काहीही न बदलता वेगळा वागू शकतो. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहतं, त्यामुळे पिप तडजोड शोधतो आणि सापडली नाही तर थांबतो. नोड एकाच पॅकेजच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवू देतो. ही सोय वाटते, पण रिॲक्टसारखी लायब्ररी दोनदा लोड झाली की 'इनव्हॅलिड हुक कॉल' येतो आणि कोडमध्ये कितीही शोधलं तरी चूक सापडत नाही.

झाड बघण्यासाठी कमांड आहेत, त्या वापरा: मॅव्हनची 'डिपेन्डन्सी:ट्री', ग्रेडलची 'डिपेन्डन्सीइनसाइट', एनपीएमच्या 'एलएस' आणि 'एक्सप्लेन'. पायथनमध्ये 'पिप चेक' आधीच इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांमधली विसंगती सांगतो. झाडात वाद दिसला की तो उघडपणे सोडवा, म्हणजे कोणतं व्हर्जन हवं ते तुमच्याच कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवा. एनपीएमच्या ७व्या आवृत्तीपासून पिअर डिपेन्डन्सी (तुमच्या प्रकल्पातल्या ज्या लायब्ररीशी पॅकेजला जुळवून घ्यायचं असतं ती) जुळल्या नाहीत तर 'ईरिझॉल्व्ह' एरर येते, आणि '--लेगसी-पिअर-डेप्स' लावा असा सल्ला लगेच मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: हा पर्याय वाद मिटवत नाही, तो पुढे ढकलतो. कोणत्या दोन पॅकेजांचं पटत नाही ते एररमध्येच लिहिलेलं असतं, ते वाचून त्यातलं एक बदला.

व्हर्जनच्या आकड्यांपुढची चिन्हंही नीट समजून घ्या. एनपीएममध्ये '^१.४.२' म्हणजे १.४.२ पासून २.०.० च्या आधीपर्यंत काहीही चालेल. पण '^०.४.२' म्हणजे फक्त ०.५.० च्या आधीपर्यंत. पहिला आकडा शून्य असेपर्यंत लायब्ररी स्थिर धरली जात नाही, म्हणून हा फरक. लॉक फाईल कमिट केलेली असेल आणि सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' (लॉक फाईलमधलीच व्हर्जनं इन्स्टॉल करणारी कमांड) वापरत असाल, तर या चिन्हांमुळे होणारे अचानक बदल टळतात.

काही मोठी स्थित्यंतरं ओळखीची असली की एरर पाहताच उलगडा होतो. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यासोबत 'जावाएक्स' ने सुरू होणाऱ्या अनेक पॅकेजांची नावं 'जकार्ता' झाली. जुनी लायब्ररी 'जावाएक्स.सर्व्हलेट' मागत राहिली तर तिचं जकार्तासाठीचं व्हर्जन घ्यायचं. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं, १.एक्ससाठी कंपाइल झालेली मॉड्यूलं त्यावर चालत नाहीत. नोड १७ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचं व्हर्जन ३ आलं आणि जुन्या वेबपॅकचे बिल्ड 'ईआरआर_ओएसएसएल_ईव्हीपी_अनसपोर्टेड' म्हणून थांबू लागले. त्यावर ओपनएसएसएलचा जुना प्रोव्हायडर (जुन्या अल्गोरिदमचा संच) चालू करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण वेबपॅक अपग्रेड करणंच योग्य. जावाची 'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर' आकडे देते ते असे वाचायचे: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.

सेटिंग लिहिली, पण लागू झाली नाही

एकच सेटिंग चार ठिकाणांहून येऊ शकते: लायब्ररीची डीफॉल्ट व्हॅल्यू, कॉन्फिगरेशन फाईल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणारी व्हॅल्यू) आणि कमांडचे पर्याय. साधारणपणे याच क्रमाने पुढचा मागच्यावर मात करतो, पण नक्की क्रम त्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पाहा. काही साधनं उगमही सांगतात. 'पिप कॉन्फिग डीबग' आणि 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन' यांचं आउटपुट एकदा पाहिलंत तर घरच्या फोल्डरमधली विसरलेली एखादी फाईल हमखास सापडते.

'.एन्व्ह' फाईलचा एक नियम फार जणांना माहीत नसतो. पायथन आणि नोडच्या प्रचलित डॉटएन्व्ह लायब्ररी आधीपासून सेट असलेलं व्हेरिएबल बदलत नाहीत. शेलमध्ये जुनी व्हॅल्यू एक्सपोर्ट केलेली असेल, तर फाईल कितीही वेळा बदला, काहीच होणार नाही. शिवाय 'डॉकर रन' ला '--एन्व्ह-फाईल' दिली तर अवतरणचिन्हं व्हॅल्यूचाच भाग धरली जातात. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, ते यामुळे. चालू प्रोसेसला सुरू होताना कोणती व्हेरिएबल मिळाली हे लिनक्सवर '/प्रॉक' मधल्या त्या प्रोसेसच्या फोल्डरमधली 'एन्व्हायरॉन' फाईल सांगते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नेहमी स्ट्रिंग असते, हेही ध्यानात असू द्या. 'डीबग=फॉल्स' लिहिलं आणि कोडमध्ये त्याचं थेट बूलियन केलं, तर पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हीत उत्तर 'ट्रू' येतं, कारण ती रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे.

यॅमल या कॉन्फिगरेशन फाईलच्या फॉरमॅटचे सापळे तर वेगळ्या यादीचे धनी आहेत. यॅमल १.१ च्या नियमांनुसार 'नो', 'ऑफ', 'येस' हे शब्द अवतरणाशिवाय लिहिले तर बूलियन होतात, त्यामुळे नॉर्वेचा देशसंकेत 'एनओ' हा 'फॉल्स' बनतो. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे बदललं, पण पाययॅमल आजही १.१ चेच नियम पाळतं. व्हर्जन ३.१० असं लिहिलं तर ते दशांश संख्या होऊन ३.१ उरतं. पोर्टची जोडी २२:२२ अशी लिहिली तर ती साठच्या पटीतली संख्या समजून १३४२ होते. तिन्हींवर उपाय एकच: संशय असेल तिथे अवतरणचिन्हं. इंडेंटेशनसाठी टॅब यॅमलमध्ये चालतच नाही. आणि स्पेसची चूक बरेचदा एरर देत नाही, ती सेटिंगला भलत्याच पालकाखाली नेऊन ठेवते, म्हणून फाईल लोड करून तिचं रूप जेसनमध्ये प्रिंट करून बघा.

फाईल दिसायला ठीक असूनही वाचली जात नसेल तर तिची न दिसणारी अक्षरं तपासा. विंडोजवर सेव्ह झालेल्या शेल स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी जास्तीचं कॅरेज रिटर्न असतं, काही एडिटर सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारं न दिसणारं चिन्ह) टाकतात. 'कॅट -ए' (ए कॅपिटल) हे उघड करतं.

आणि प्रोग्राम मुळात कोणती कॉन्फिगरेशन फाईल उघडतोय हेच कळत नसेल, तर लिनक्सवर 'एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनॅट' लावून तो चालवा. उघडण्याचा प्रयत्न झालेली प्रत्येक फाईल दिसते, न सापडलेलीसुद्धा. विंडोजवर हे काम प्रोसेस मॉनिटर करतं. सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात जास्त उपयोगी असं हे साधन आहे.

इथे चालतं, सर्व्हरवर नाही

क्रॉन आणि सिस्टमडी (ठरल्या वेळी किंवा पार्श्वभूमीवर प्रोग्राम चालवणारी साधनं) तुमच्या शेलची सेटिंग फाईल '.बॅशआरसी' वाचत नाहीत, त्यामुळे तिथली प्रोग्राम शोधण्याच्या फोल्डरांची यादी, म्हणजे पाथ, लहान असते. पूर्ण पाथ लिहा. कंटेनरच्या (डॉकरसारख्या साधनाने वेगळ्या ठेवलेल्या वातावरणाच्या) आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनरच, शेजारचा डेटाबेस नव्हे. अल्पाइन लिनक्सच्या इमेजमध्ये जीलिबसी या सीच्या नेहमीच्या मूळ लायब्ररीऐवजी मसल असते, म्हणून जीलिबसीसाठी बनलेला प्रोग्राम समोर असूनही 'अशी फाईल नाही' म्हणतो; न सापडणारी गोष्ट त्याचा लोडर असतो. 'एक्झेक फॉरमॅट एरर' आली तर बहुतेकदा प्रोसेसरची जात जुळत नाही, म्हणजे एआरएमची इमेज एक्स८६ वर किंवा उलट.

सर्टिफिकेटच्या एररवर तपासणी बंद करण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. संस्थेच्या प्रॉक्सीचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट असेल तर ते जोडा: पायथनच्या रिक्वेस्ट्ससाठी 'रिक्वेस्ट्स_सीए_बंडल', नोडसाठी 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स'. जावाचं सर्टिफिकेटांचं कोठार वेगळं असतं, त्यात 'कीटूल' ने घालावं लागतं.

तरीही सापडलं नाही तर

रिकामा फोल्डर घ्या. त्यात फक्त ती लायब्ररी, तेच व्हर्जन आणि डॉक्युमेंटेशनमधलं सगळ्यात छोटं उदाहरण. ते चाललं तर तुमच्या प्रकल्पातल्या गोष्टी एकेक करून त्यात आणा. जिच्यानंतर बिघडेल ती दोषी. नाही चाललं तर अडचण तुमच्या कोडमध्ये नाही, मशीन किंवा लायब्ररीत आहे. आधी चालत होतं आणि आता नाही, असं असेल तर 'गिट बायसेक्ट' दर फेरीत शोधाचा पट्टा निम्मा करतं. हजार कमिट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत दोषी कमिट सापडतो. एका वेळी एकच बदल करा, आणि उपयोग झाला नाही तर तो मागे घेऊनच पुढचा करा.

प्रकल्पाकडे इश्यू नोंदवायची वेळ आली तर हेच छोटं उदाहरण तिथे द्या. सोबत ऑपरेटिंग सिस्टम, भाषेचं आणि लायब्ररीचं व्हर्जन, चालवलेली कमांड आणि पूर्ण एरर, स्क्रीनशॉटऐवजी मजकूर म्हणून. तेच आधी कुणी विचारलंय का ते बंद झालेल्या इश्यूंमध्येही पाहा. लॉग चिकटवण्यापूर्वी त्यातले टोकन, पासवर्ड आणि डेटाबेसचे पत्ते काढा. एखादं टोकन चुकून गेलंच तर मजकूर पुसून भागत नाही, ते टोकन रद्द करून नवं घ्यावं लागतं. या प्रकल्पांची देखभाल करणारे बरेच जण ते काम नोकरीबाहेरच्या वेळात करतात, त्यामुळे त्यांना पहिल्याच संदेशात सगळं मिळालं तर उत्तर लवकर येतं. आणि दरम्यान तुम्हालाच उपाय सापडला, तर तो त्याच इश्यूखाली कारणासकट लिहा. डॉक्युमेंटेशनमधली एखादी ओळ चुकीची निघाली असेल, तर ती सुधारणारी पुल रिक्वेस्टही पाठवा.